२क्ष − ३ हा अवयव आहे का, हे तपासताना क्ष च्या जागी काय ठेवायचे?

ताई, इतर वाचकांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमची मुलगी नववीत आहे. २क्ष³ + क्ष² − ८क्ष + ३ या बहुपदीचा २क्ष − ३ हा अवयव आहे का, हे तिला तपासायचे होते. ‘चिन्ह बदलून किंमत ठेवायची’ एवढे तिला वर्गातले आठवत होते, म्हणून तिने क्ष = ३ ठेवले, उत्तर ४२ आले आणि तिने ‘अवयव नाही’ असे लिहिले. उत्तरसूचीत मात्र ‘अवयव आहे’ असे निघाले. मग तुम्ही स्वतः रात्री बसून भागाकार केला, तर बाकी शून्य आली. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: एकाच उदाहरणाची दोन रीतींनी दोन उत्तरे कशी येतात, आणि भागाकार जर खात्रीचा आहे तर मुलांनी किंमत ठेवण्याच्या वाटेला जावेच कशाला?

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत अनेक वर्षे नववी-दहावीला गणित शिकवतो आहे आणि हा प्रश्न दरवर्षी कुणा ना कुणाच्या वहीत मला भेटतो. तुमचा भागाकार बरोबर आहे आणि उत्तरसूचीही बरोबर आहे. मुलीची आकडेमोडसुद्धा बरोबर आहे: क्ष = ३ ठेवल्यावर ५४ + ९ − २४ + ३ म्हणजे ४२ च येतात. मात्र तिने ज्या प्रश्नाचे उत्तर काढले तो प्रश्न वेगळा होता. क्ष = ३ ठेवून ‘क्ष − ३ हा अवयव आहे का’ हे तपासले जाते, आणि त्याचे उत्तर ‘नाही, बाकी ४२ उरते’ हे खरेच आहे. तिला विचारले होते २क्ष − ३ बद्दल. तेव्हा दोन रीतींत मुळात विरोध नाही. खरा प्रश्न असा आहे की ठेवायची संख्या कोणती, हे कशावरून ठरते आणि एकच संख्या ठेवून संपूर्ण भागाकाराचा निकाल कसा कळतो. हे ‘कसे’ एकदा समजले की संख्या कोणती हे पाठ करावे लागत नाही.

सुरुवात साध्या भागाकारापासून करू. भाज्य = भाजक × भागाकार + बाकी, हे आपण पाचवीपासून लिहीत आलो आहोत. घरी तूर भरताना ५० किलोचे कट्टे भरत गेले तर शेवटी उरलेली तूर ५० किलोंपेक्षा कमीच असते, कारण ५० उरली असती तर आणखी एक कट्टा भरला असता. बहुपदींच्या भागाकारात ‘कमी’ हे वजनावरून ठरत नाही, कोटीवरून, म्हणजे क्ष च्या सर्वांत मोठ्या घातांकावरून ठरते: बाकीची कोटी भाजकाच्या कोटीपेक्षा कमी हवी. आपला भाजक रेषीय आहे, म्हणजे त्याची कोटी १ आहे. त्यापेक्षा कमी कोटी म्हणजे ज्यात क्ष उरलेलाच नाही अशी केवळ एक संख्या. ही गोष्ट वर्गात बहुधा घाईने सांगितली जाते, पण पुढचे सगळे हिच्यावर उभे आहे: रेषीय भाजकाने भागल्यावर उरणारी बाकी ही नेहमी एखादी निव्वळ संख्या असते. ती ० असली तर भाजक हा अवयव, नसली तर नाही.

आता आपली बहुपदी प(क्ष), भागाकार भ(क्ष) आणि बाकी श मानून लिहू:

प(क्ष) = (२क्ष − ३) × भ(क्ष) + श

हे एखाद्या विशिष्ट क्ष साठी सोडवायचे समीकरण नव्हे. ही नित्यसमानता आहे, म्हणजे क्ष च्या जागी कोणतीही संख्या ठेवली तरी दोन्ही बाजू सारख्याच राहतात. मग आपल्या सोयीची संख्या निवडायला आपण मोकळे आहोत. आपल्याला हवा आहे श, आणि अडचण आहे भ(क्ष) ची, कारण तो शोधायचा तर पूर्ण भागाकार करावा लागेल. म्हणून अशी संख्या निवडायची की जिच्यामुळे २क्ष − ३ हा कंसच शून्य होईल. शून्याने गुणल्यावर भ(क्ष) काहीही असला तरी तो नाहीसा होतो आणि उजवीकडे एकटा श उरतो. २क्ष − ३ = ० केव्हा होते? क्ष = ३/२ असताना. म्हणून प(३/२) म्हणजेच बाकी. याला शेष सिद्धांत म्हणतात, आणि ही बाकी शून्य आली तर भाजक हा अवयव असतो, हा झाला अवयव सिद्धांत. समीकरणाची एक उकल माहीत असेल तर त्या बहुपदीला क्ष वजा ती उकल याने निःशेष भाग जातो, हे फ्रान्सच्या देकार्त यांनी १६३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या भूमितीत मांडले होते. आपल्या नववीच्या ‘बहुपदी’ या प्रकरणात मुले तीच गोष्ट शिकतात.

तपासून पाहा: २ × (२७/८) + ९/४ − ८ × (३/२) + ३, म्हणजे २७/४ + ९/४ − १२ + ३, म्हणजे ९ − ९, म्हणजे ०. तुमच्या भागाकाराची बाकीही शून्यच होती.

मुलीला आलेल्या ४२ चाही उलगडा करून देतो, कारण तो तिला समजला तर हा गोंधळ पुन्हा होणार नाही. तुमच्या भागाकारात भ(क्ष) = क्ष² + २क्ष − १ आला असेल. वरच्या नित्यसमानतेत क्ष = ३ ठेवले तर २क्ष − ३ हा कंस ३ होतो, शून्य होत नाही; आणि भ(३) = ९ + ६ − १ = १४ येतो. उजवी बाजू झाली ३ × १४ + ०, म्हणजे ४२. म्हणजे तिला आलेले ४२ ही २क्ष − ३ ने भागल्यावरची बाकी नव्हतीच. तो भाजक आणि भागाकार यांच्या किमतींचा गुणाकार होता, आणि बाकी त्यातही शून्यच होती. कंस शून्य न करणारी संख्या ठेवली की बाकी त्या गुणाकारात मिसळून जाते आणि निकाल कळत नाही. हे एवढे गणित तिच्याकडून तिच्याच वहीत करून घ्या.

‘चिन्ह बदलून ठेवा’ हा नियम खोटा नाही, तो अपुरा आहे. क्ष + ५ साठी −५ आणि क्ष − ७ साठी ७ ठेवायचे, हे बरोबर आहे, कारण तेथे क्ष चा सहगुणक, म्हणजे क्ष ला गुणणारी संख्या, १ असते आणि शून्य देणारी संख्या स्थिर पदाचे (ज्यात क्ष नाही त्या पदाचे) चिन्ह बदलूनच मिळते. सहगुणक १ नसला की चिन्ह बदलून त्या सहगुणकाने भागावेही लागते: ३क्ष + २ साठी −२/३, ५क्ष − १ साठी १/५, आणि ४क्ष साठी ०, कारण तेथे स्थिर पदच नाही. ५ − क्ष असा भाजक आला तर चिन्ह बदलण्याच्या सवयीने −५ ठेवणारी मुले असतात; ५ − क्ष = ० सोडवले तर क्ष = ५ येते. म्हणून मी वर्गात चिन्हाचा नियम सांगतच नाही. भाजक बरोबर शून्य लिहायचे आणि क्ष ची किंमत काढायची, ही एक ओळ प्रत्येक उदाहरणाच्या सुरुवातीला लिहून घेतो. तुमच्या मुलीच्या शिक्षकांनी पूर्ण रीत सांगितलीही असेल. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे हे प्रकरण पुष्कळदा निंदण-डवरणीच्या दिवसांत शिकवले जाते. जी मुले चार दिवस शेतावर असतात ती मैत्रिणीच्या वहीतून रीत उतरवून घेतात. वहीत नियम उतरतो, त्यामागचे कारण फळ्यावरून पुसले गेलेले असते. कारण पुन्हा सांगायला दहा मिनिटे पुरतात, ती घरी तुम्हीही देऊ शकता.

आता तुमचा दुसरा प्रश्न, की नेहमी भागाकारच का करू नये. येथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ते कशावर अवलंबून आहे हे सांगणे मला महत्त्वाचे वाटते.

प्रश्नात केवळ ‘अवयव आहे की नाही’ एवढेच विचारले असेल तर किंमत ठेवणे सोपे पडते. बहुपदीची कोटी मोठी असेल तर ते फारच सोपे पडते. क्ष⁹⁹ + १ ला क्ष + १ ने निःशेष भाग जातो का, हे लांब भागाकाराने पाहायचे म्हटले तर वही भरेल; −१ ठेवले तर (−१)⁹⁹ + १ = −१ + १ = ०, उत्तर एका ओळीत. पण प्रश्न ‘अवयव पाडा’ असा असेल तर केवळ ‘आहे’ एवढ्याने भागत नाही, भागाकारही हाती लागायला हवा, आणि मग भागणे अटळ आहे. भाजकाचे शून्य, म्हणजे भाजक शून्य करणारी क्ष ची किंमत, अपूर्णांक असेल तर काही मुलांना अपूर्णांकाचा घन करण्यापेक्षा लांब भागाकार सोपा जातो. तुमच्या उदाहरणात तुम्हालाही तसेच वाटले असावे, आणि त्यात काहीच चूक नाही. प्रश्नातच ‘अवयव सिद्धांताचा उपयोग करून’ असे शब्द असतील तर मात्र किंमत ठेवूनच दाखवावे, कारण तेथे तो सिद्धांत समजला आहे का हेच पाहायचे असते.

या दोन रीती दिसतात तितक्या वेगळ्या नाहीत, हे येथे थोडे थांबून दाखवतो. मुलीच्या पुस्तकात संश्लेषक भागाकार, म्हणजे केवळ सहगुणक मांडून करायचा भागाकार, असेल. २, १, −८, ३ हे सहगुणक एका ओळीत लिहायचे आणि डावीकडे ३/२. पहिला २ तसाच खाली उतरवायचा. त्याला ३/२ ने गुणले की ३, तो पुढच्या १ मध्ये मिळवला की ४. ४ ला ३/२ ने गुणले की ६, −८ मध्ये मिळवला की −२. −२ ला ३/२ ने गुणले की −३, ३ मध्ये मिळवला की ०. खालची ओळ झाली २, ४, −२, ०, आणि शेवटचा ० ही बाकी.

आता भागाकाराचे नावही न घेता तीच बहुपदी अशी लिहा: ((२क्ष + १)क्ष − ८)क्ष + ३. कंस सोडवून पाहिले तर ही मूळ बहुपदीच आहे. यात क्ष = ३/२ ठेवून आतून बाहेर येत जा: २ × ३/२ = ३, अधिक १ म्हणजे ४; ४ × ३/२ = ६, वजा ८ म्हणजे −२; −२ × ३/२ = −३, अधिक ३ म्हणजे ०. तेच आकडे, त्याच क्रमाने. म्हणजे किंमत ठेवताना जी आकडेमोड होते तीच संश्लेषक भागाकाराच्या मांडणीत होते. मांडणी केली तर मधले आकडे हाताशी राहतात आणि तेच भागाकाराचे सहगुणक ठरतात. इटलीच्या रुफिनी यांनी १८०४ मध्ये आणि इंग्लंडच्या हॉर्नर यांनी १८१९ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली, म्हणून आजही ती त्यांच्या नावांनी ओळखली जाते. माझा सल्ला विचाराल तर नववीच्या मुलाने हीच मांडणी हातात बसवावी, कारण अपूर्णांकाचा वर्ग आणि घन करण्याची वेळच येत नाही, दर पायरीला एक गुणाकार आणि एक बेरीज एवढेच काम उरते.

फक्त एक काळजी घ्यायची. ३/२ घेऊन केलेला संश्लेषक भागाकार हा क्ष − ३/२ ने केलेला भागाकार असतो, २क्ष − ३ ने नव्हे. म्हणून वरच्या ओळीवरून प(क्ष) = (क्ष − ३/२)(२क्ष² + ४क्ष − २) असे येते. दुसऱ्या कंसातून २ बाहेर काढून पहिल्या कंसाला दिला की (२क्ष − ३)(क्ष² + २क्ष − १) मिळते. हा २ विसरला तर बाकीवर परिणाम होत नाही, ‘अवयव आहे’ हा निष्कर्षही बरोबरच राहतो, पण भागाकार दुप्पट लिहिला जातो. याच अनुषंगाने काही मुले विचारतात की मग ४क्ष − ६ हाही अवयव म्हणायचा का. सहगुणक अपूर्णांक चालत असतील, आणि शाळेत ते चालतात, तर होय: २क्ष − ३, ४क्ष − ६ आणि क्ष − ३/२ या तिन्हींचे शून्य एकच आहे, त्यामुळे एक अवयव असला की तिन्ही असतात.

यापुढे चुका होतात त्या बहुतेक दोन जागी. पहिली जागा ऋण संख्येच्या कंसाची. समजा, क्ष + २ हा क्ष³ + क्ष² − ५क्ष − ६ चा अवयव आहे का, हे पाहायचे आहे. वहीत ओळ अशी दिसते: −२³ + −२² − ५ × −२ − ६. कंस नाहीत. मग −२² चे −४ होतात, आणि पुढे −८ − ४ + १० − ६ = −८ आल्यामुळे ‘अवयव नाही’ असे लिहिले जाते. कंस घालून (−२)³ + (−२)² − ५(−२) − ६ लिहिले असते तर −८ + ४ + १० − ६ = ० आले असते. ठेवायची संख्या बरोबर, सिद्धांत बरोबर, आणि उत्तर उलटे. ऋण संख्या ठेवताना प्रत्येक क्ष च्या जागी आधी रिकामा कंस काढायचा आणि मग त्यात संख्या लिहायची, ही शिस्त मी मुलांना लावतो.

दुसरी जागा गाळलेल्या पदाची, आणि ती जास्त फसवी आहे, कारण ती चूक कधीकधी दिसतच नाही. क्ष³ − ७क्ष + ६ यात क्ष² चे पद नाही. संश्लेषक भागाकारात सहगुणक १, ०, −७, ६ असे लिहायला हवेत. पुष्कळ मुले १, −७, ६ असे लिहितात. आता क्ष − १ तपासा. चुकीच्या मांडणीत १, −६, ० येते, बाकी शून्य, उत्तर ‘अवयव आहे’. बरोबर मांडणीतही १, १, −६, ० येते आणि उत्तर तेच. मूल निश्चिंत होते. पण क्ष − २ घेतले तर चुकीच्या मांडणीत १, −५, −४ येते, म्हणजे ‘अवयव नाही’, आणि बरोबर मांडणीत १, २, −३, ० येते, म्हणजे ‘अवयव आहे’. पहिल्या वेळी चूक लपली त्याचे कारण असे की १ ठेवल्यावर बाकी म्हणजे केवळ सहगुणकांची बेरीज असते, आणि बेरजेत शून्य लिहिले काय नि गाळले काय, फरक पडत नाही. म्हणून मुलीचे उदाहरण तपासताना केवळ शेवटचे उत्तर जुळले यावर थांबू नका. सहगुणकांची संख्या कोटीपेक्षा एकने जास्त आहे ना, हे मोजून पाहा. घन बहुपदीला चार सहगुणक हवेतच.

सहगुणकांच्या बेरजेवरून निघालेच आहे, तर सांगतो. क्ष − १ तपासायला सर्व सहगुणकांची बेरीज शून्य आहे का एवढे पाहिले की पुरते. क्ष + १ तपासायला सम घातांकांच्या पदांचे सहगुणक आणि विषम घातांकांच्या पदांचे सहगुणक यांच्या बेरजा सारख्या आहेत का ते पाहायचे, आणि त्यात स्थिर पद सम बाजूला मोजायचे. या वेगळ्या युक्त्या नाहीत. १ आणि −१ ठेवल्यावर जे होते तेच हे आहे.

सगळे सहगुणक पूर्णांक असतील तर काही भाजक पाहताक्षणी बाद करता येतात. तुमच्या मुलीच्या बहुपदीत सर्वांत वरचा, म्हणजे क्ष³ चा, सहगुणक २ आणि स्थिर पद ३ आहे. २क्ष − ५ हा तिचा अवयव असू शकतो का? नाही, कारण ५ ने ३ ला भाग जात नाही. ३क्ष − १ सुद्धा नाही, कारण ३ ने २ ला भाग जात नाही. कारण साधे आहे: दोन कंसांचा गुणाकार करताना पहिल्या पदांच्या गुणाकारातून वरचा सहगुणक येतो आणि स्थिर पदांच्या गुणाकारातून स्थिर पद येते. यात भाजकाचे दोन सहगुणक परस्परांत सामाईक अवयव नसलेले हवेत, तसे असतील तरच भागाकाराचे सहगुणकही पूर्णांक निघण्याची खात्री असते. त्याची सिद्धता वरच्या वर्गांत येते. मात्र ही चाळणी बाद करण्यापुरतीच आहे. चाळणीतून पार झालेला भाजक अवयव असेलच असे नाही: २क्ष + ३ हा या चाळणीतून पार होतो, पण प(−३/२) काढले तर −२७/४ + ९/४ + १२ + ३, म्हणजे २१/२ येतात, शून्य नव्हे. पार झालेल्यांसाठी किंमत ठेवून पाहावेच लागते.

सिद्धांत दोन्ही दिशांनी चालतो, हेही मुलीला सांगा, कारण दहावीपर्यंत त्यावर प्रश्न येतात. क्ष + २ हा क्ष³ + तक्ष² − ५क्ष − ६ चा अवयव आहे, तर त ची किंमत काढा, असा प्रश्न असला की येथे तपासायचे काही नाही. अवयव आहे हे दिलेलेच आहे. म्हणून प(−२) = ० असलेच पाहिजे: −८ + ४त + १० − ६ = ०, म्हणून ४त = ४ आणि त = १. लिहिताना ‘प(−२) = ० आहे, म्हणून अवयव आहे’ असे नव्हे, ‘अवयव आहे, म्हणून प(−२) = ०’ असे लिहायला हवे. आकडे तेच असले तरी या दोन वाक्यांत तर्क उलटा आहे, आणि मुलाला तो कळला आहे की नाही हे त्या एका वाक्यावरून दिसते.

एक मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. किंमत शून्य आली तर भाजक एकदा अवयव आहे एवढेच कळते, किती वेळा आहे हे कळत नाही. क्ष³ − ३क्ष + २ मध्ये १ ठेवले तर शून्य येते. भागाकार क्ष² + क्ष − २ निघतो, आणि त्यात पुन्हा १ ठेवले तर पुन्हा शून्य. म्हणजे ही बहुपदी (क्ष − १)²(क्ष + २) आहे. (क्ष − १)² ने भाग जातो का असे विचारले असेल तर एकदा शून्य आल्यावर थांबून चालत नाही. भागून, आलेल्या भागाकारावर तीच तपासणी पुन्हा करावी लागते.

आणि जाता जाता एक सुंदर गोष्ट. रेषीय पदावलीत एकापेक्षा जास्त चले असली तरी विचार हाच चालतो. अ³ + ब³ + क³ − ३अबक याचा अ + ब + क हा अवयव आहे का? अ + ब + क = ० केव्हा होते? अ = −(ब + क) असताना. ते ठेवा. अ³ च्या जागी −ब³ − क³ − ३बक(ब + क) येते, त्यातले घन पुढच्या ब³ + क³ शी कटतात आणि −३बक(ब + क) उरते. −३अबक च्या जागी +३बक(ब + क) येते. बेरीज शून्य. मुलांना हे सूत्र पाठ करायला सांगितले जाते. ते असे तपासून दाखवले की त्यांना ते कुठून आले हे दिसते, आणि फळ्यावर हे झाले की वर्गात जी शांतता होते ती मला फार मोलाची वाटते.

परीक्षेत कसे लिहायचे, याबद्दल थोडे. पायऱ्यांचे गुण कसे दिले जातात हे प्रश्नाच्या गुणांवर आणि तपासणाऱ्यावर अवलंबून असते. तरी पुढच्या ओळी लिहिल्या तर सहसा काही राहत नाही. आधी प(क्ष) = … असे लिहून बहुपदी नोंदवावी. मग भाजक = ० घेऊन क्ष ची किंमत काढावी. ती कंस घालून ठेवावी, आकडेमोड पूर्ण दाखवावी, आणि शेवटी ‘अवयव सिद्धांतानुसार २क्ष − ३ हा प(क्ष) चा अवयव आहे’ असे पूर्ण वाक्य लिहावे. नुसते ‘= ०’ लिहून थांबणारी मुले खूप असतात; निष्कर्षाचे वाक्य हाच तर प्रश्नाच्या उत्तराचा भाग असतो.

मुलीला सरावासाठी तीन उदाहरणे देतो. ती तिने आधी स्वतः करावीत. पहिले: ३क्ष + २ हा ३क्ष³ − ४क्ष² − क्ष + २ चा अवयव आहे का? येथे −२/३ ठेवले तर ० येते, म्हणून आहे. भागाकार क्ष² − २क्ष + १ निघतो. तिला −३६ आले तर तिने चिन्हाच्या जुन्या सवयीने −२ ठेवले असे समजावे. दुसरे: क्ष + १ हा क्ष¹⁰⁰ + १ चा अवयव आहे का? नाही, बाकी २ उरते. क्ष⁹⁹ + १ ला जे लागू पडले ते येथे का पडत नाही, हे तिला तोंडी सांगायला लावा. तिसरे: २क्ष − १ हा २क्ष³ + ५क्ष² + तक्ष − २ चा अवयव असेल तर त किती? उत्तर १. तिसऱ्यात ती अडली तर तिने क्ष च्या जागी १/२ ठेवले आहे का, हे सर्वांत आधी पाहा; ते बरोबर असेल आणि तरी उत्तर जुळत नसेल, तर तिची पूर्ण मांडणी येथे लिहून पाठवा, नेमकी कुठली ओळ चुकली ते मी सांगतो.